घाबरू नको, बोल

साकोलीच्या बसस्टँडसमोर पोह्याच्या ठेल्याशी उभी असताना साधनाला तिचाच आवाज ऐकू आला. "घाबरू नको, बोल." तिने चमकून मागे पाहिलं. बाकड्यावर एक माणूस तर्री-पोहे खात बसला होता, एका हातात चमचा, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि आवाज त्या मोबाइलमधून येत होता. मग एका मुलीचा आवाज आला, आधी अडखळता, मग एकदम सरळ. "तुडुमाचा बूच आमच्याच कोठ्यात आहे. बाबांनी आणून ठेवला. मी पाहिला." माणूस हसला, शेजारच्याला म्हणाला, "बापाचंच नाव घेतलन गा पोट्टीनं," आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून लावलं. घाबरू नको, बोल. आपला आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो हे साधनाला ठाऊक होतं. पण हा नुसता परका नव्हता. तो गोड होता, लाडीगोडी लावणारा. कोणी तिऱ्हाइताने ऐकला तर म्हणेल, ही बाई पोरीला फूस लावते आहे. आणि त्या क्षणी साधना स्वतःच तिऱ्हाईत होती, म्हणून तिलाही तेच वाटलं. पोह्यांची प्लेट तशीच ठेवून ती जीपच्या अड्ड्याकडे चालू लागली. ठेलेवाल्याने मागून "मॅडम, निंबू राहिला" अशी हाक मारली ती तिने ऐकली, पण वळलं तर चेहरा दिसेल या भीतीने ती वळली नाही.

काळी-पिवळी जीप भरल्याशिवाय निघत नाही आणि भरली तरी निघत नाही, हे रोजचंच. रोज साधना या वेळात चिडायची. आज तिला वाटत होतं की ही जीप निघूच नये. खिडकीशी अंग चोरून ती बसली आणि आत चढणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे की नाही हे पाहू लागली. प्रत्येकाच्या हातात होता. वर्गात मोबाइल आणायचा नाही असा नियम आहे आणि कोणीतरी तो आणलेला होता. पण चिडायचं ठरवूनही तिला त्या मुलाचा राग येईना, कारण खरा राग तिला स्वतःचाच आला होता. अकरा वाजता मुख्याध्यापक कैलाश सरांनी बैठक बोलावली होती. कालच त्यांचा फोन आला होता. "मॅडम, उद्या भय्याजी येणार आहेत. मासोळी सोसायटीचे लोक बी येतीन. तुम्ही फक्त एक सांगा, पोरगी आपल्या मनानं बोलली का तुमच्या सांगण्यावरून बोलली. बस." बस म्हणे. फोन ठेवल्यावर तिने भांडी घासली, कपडे घड्या करून ठेवले, आणि त्या एका प्रश्नाची दोन उत्तरं मनात इतक्या वेळा म्हणून पाहिली की दोन्ही खोटी वाटायला लागली.

जीप निघाली. हायवे सोडला आणि दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या सुरू झाल्या. धान पोटरीत आलेलं होतं, लोंबी बाहेर पडायच्या बेतात. साधना आंधळगावची, शेतकऱ्याच्या घरची. पोटरीतलं धान पाण्यासाठी कसं वाट पाहतं हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. भाद्रपदात पाऊस जो गेला तो फिरकलाच नाही, आणि आता एक पाणी मिळालं तर कोठी भरेल, नाही मिळालं तर लोंब्या पोचट. शाळेच्या गावच्या तलावात मात्र परवापरवापर्यंत पाणी होतं. तलावाच्या आत, बांधाच्या पाळीपासून जरा दूर, एक उभा दगड आहे. त्या दगडाचं डोकं उघडं पडेपर्यंत पाणी धानाचं, त्याच्याखालचं पाणी मासोळीचं. हे कुठे लिहिलेलं नाही. पण पाळीतल्या मोरीचा, म्हणजे तुडुमाचा, लाकडी बूच उपटायच्या आधी ढिवरमोहल्ल्यात, मासेमारांच्या वस्तीत, जाऊन हाक द्यायची आणि दगड दिसला की बूच पुन्हा ठोकायचा, हे तिथे शेतकऱ्यांची आणि ढिवरांची पोरं बोलायला लागल्यापासून ऐकत आलेली असतात. यंदा दगड दिसला तेव्हाही बांध्या कोरड्याच होत्या. मग एका सकाळी तुडुम उघडं सापडलं, बूच गायब, आणि ढिवरांनी पोती कोंबून मोरी बुजवेपर्यंत तलावात नुसता चिखल उरला. वर्षभर वाढवलेली मासोळी त्या चिखलात तडफडून मेली. बूच परत ठोकता येऊ नये म्हणून कोणीतरी तो घेऊनच गेलं होतं. सगळ्या गावाला संशय होता आणि कोणीच काही पाहिलं नव्हतं.

सडक्या मासोळीच्या त्या वासातूनच साधना शनिवारी शाळेत गेली होती. दहावीच्या वर्गात शिरली तर मुलं दोन भागांत बसलेली. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप. ढिवरांची मुलं मागे, खिडकीकडे, बाकीची पुढे, मधला एक बाक रिकामा. इतवारी ढिवराचा चंदन आणि भय्याजींची डिंपल एरवी एका गाइडवर अभ्यास करणारी मुलं, ती एकमेकांकडे पाहत नव्हती. दुसरी कोणी बाई असती तर धडा काढून वाचायला लागली असती, आणि आज सुखाने पोहे खात असती. पण साधनाला गप्प बसलेलं घर सोसत नाही, वर्ग तर नाहीच. आंधळगावच्या घरी बाबा जेवायला बसले की गावातल्या कुठल्याही भांडणाचा विषय निघायची खोटी, "जेवा मुकाट्यानं" एवढं म्हणायचे. भाऊबंदकी असो, निवडणूक असो, काकूने विहिरीत उडी घेतली तो दिवस असो. जेवा मुकाट्यानं. काकू का गेली हे साधनाला अजूनही नीट माहीत नाही, आणि ज्यांना माहीत होतं ते सगळे मुकाट्याने जेवून मरून गेले. मास्तरीण झाल्यावर तिने स्वतःशी एवढंच ठरवलं होतं की आपल्या वर्गात हे होऊ द्यायचं नाही. जे गावात चाललं आहे ते वर्गात बोलायचं. मुलांना बाहेर कळतंच, मग इथे कळलं तर काय बिघडलं, असं ती स्टाफरूममध्ये ठणकावून सांगायची, आणि इतर शिक्षक हसून चहा प्यायचे.

म्हणून तिने फळ्यावर लिहिलं, 'दगडाखालचं पाणी कोणाचं?' आणि म्हणाली, बोलायचं, पण बाजू बदलून. ज्यांच्या घरी धान आहे त्यांनी ढिवरांच्या बाजूने बोला, आणि ज्यांच्या घरी जाळं आहे त्यांनी धानाच्या. तिला ही युक्ती फार हुशारीची वाटली होती. आणि आधी ती तशी निघालीही. चंदन उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, धान गर्भात आलं आहे. या टायमाले पाणी नाही भेटलं तर वर्षभर घरात काय शिजवाचं? मासोळी मेली तर पुन्हा बीज टाकता येते, धान काही पुन्हा रोवता येत नाही." बोलताना त्याचा आवाज फाटला. त्याच्या बापाची मासोळी चिखलात सडत होती आणि तो हे बोलत होता. पुढच्या बाकांवरच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. साधनाला स्वतःचं असं काही कौतुक वाटलं की तिने खिडकीबाहेर पाहत डोळे टिपले. मग डिंपल उठली. वर्गात सगळ्यांत स्पष्ट बोलणारी मुलगी. ढिवरांच्या बाजूने तीही नीट बोलत होती, मोठ्या माणसांचा शब्द, दगडाचा मान, हाक द्यायची रीत. आणि मधेच थांबली. ओठ हलत होते पण आवाज नव्हता. साधनाला वाटलं, पोरगी मुद्दा विसरली. वक्तृत्व स्पर्धेत होतं तसं. हाच तो चुकीचा क्षण, आणि तो तिला आता जीपमध्ये इतका लख्ख दिसत होता की तिने डोळे मिटून घेतले. मुद्दा विसरलेल्या मुलीचे डोळे वर छताकडे जातात. डिंपलचे डोळे चंदनवर होते. हे दिसूनही तिला कळलं नाही. ती पुढे झाली, मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या गोड आवाजात म्हणाली, घाबरू नको, बोल.

पाळीजवळच्या थांब्यावर ती उतरली. चिखल आता सुकायला लागला होता, वास मात्र होताच. पाळीवर बायाबाई उभी होती, चंदनची आई. ती आपल्यासाठीच थांबली आहे हे साधनाला दुरूनच कळलं आणि क्षणभर तिला वाटलं, दुसऱ्या वाटेने जावं. दुसरी वाट नव्हती.

"बाई, थोडं थांबजा," बायाबाई म्हणाली. "तुमी तं होत्या न तेथं, पोरगी बोलली तवा."

"हो."

"ठाण्यात इचारते, कोणं पायलं? कोणंच नाई. आता पोरगी बोलली तं म्हणून राहिले का तिले मॅडमनं शिकवलन. तुमी येवढंच सांगजा, का तिले कोणं शिकवलं नाई. दुसरं काई नोका सांगू."

"आणि त्या पोरीचं काय होईल, बायाबाई?"

बायाबाईने चिखलाकडे पाहिलं. "मी काय सांगू वो. माही बी जीव तुटते तिच्यासाठी. घरी येत होती अभ्यासाले, माह्या हातची भाकर खाल्ली तिनं. पण तुमी मले इचारता तिचं काय होईन, तसं भय्याजीले कोणं इचारलं का, ढिवराचं काय होईन?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "खरं सांगाले कोणाचा पैसा लागत नाई म्हणते. पाहा तुमी." आणि रिकामी टोपली डोक्यावर ठेवून ती निघून गेली. साधना तिथेच उभी राहिली. तिला बायाबाईचा राग आला, आणि राग यायला काहीच कारण नाही हेही त्याच वेळी कळलं. ती बाई मागत काय होती? जे झालं तेच सांगा. यापेक्षा कमी कोणी कोणाकडे मागू शकतं का? जिने वर्षानुवर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं तिच्याकडे एक खरं वाक्य मागितलं होतं, आणि ती मनात दुसरं वाक्य शोधत होती.

शाळेच्या फाटकाशी भय्याजी मोटरसायकल लावून उभे होते. शाळा समितीचे अध्यक्ष, पाणीवाटपात गावाचा शब्द ज्यांच्याकडे असतो ते. साधनाने मनात त्यांचा जो चेहरा तयार केला होता तो उग्र होता. समोरचा चेहरा मात्र न झोपलेल्या माणसाचा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्यांनी आधी नमस्कार केला. हेच तिला कठीण गेलं.

"मॅडम, पोरगी जेवून नाही राहिली शनवारपासून," ते म्हणाले. "माय तिची रडून राहिली. मी हातबी नाही लावला तिले, आईची आण. इचारा तिले."

"मी काय करू, भय्याजी?"

"वर्गात नाटक होतं. पारट्या बदलून बोलाचं, असंच होतं न? तुमी वाक्य देल्लं, तिनं म्हटलं. नाटकात माणूस काहीबी म्हणते. एवढं तुमी सांगून द्या, विषय खतम. तुमच्यावर मी आच नाही येऊ देत, समितीत मी आहो."

"आणि मी तसं नाही सांगितलं तर?"

त्यांनी मोटरसायकलच्या आरशावर बोट फिरवलं. "तर तिले सिहोऱ्याले मामाकडे धाडा लागन. आज संध्याकाळीच. ज्या पोरीनं बापाले ठाण्यात उभं केलं, ती या गावात कशी राहीन, तुमीच सांगा. शाळा तं मग झालीच. मामाच्या घरी कोण शिकवते? पाहून देतीन एखादं ठिकाण." हे त्यांनी धमकीसारखं म्हटलं नाही. हवामान सांगावं तसं सांगितलं, आणि म्हणूनच साधनाला ते खरं वाटलं. जाता जाता ते म्हणाले, "तुमी बी आमच्यातल्याच, मॅडम. पोटरीतलं धान वाळताना पाहणं काय असते, तुमाले मी काय सांगू." त्यात कबुली होती. इतकी उघड, की ती ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात साधनालाच शरम वाटली. बूच आता गुरांच्या कोठ्यात नसणार हेही तिला कळलं. म्हणजे उरलं होतं ते एका मुलीचं वाक्य, आणि ते खरं की खोटं हे ठरवायचं काम या दोन माणसांनी, एकाने पाळीवर आणि एकाने फाटकाशी, तिच्या पदरात टाकलं होतं.

ऑफिसात पंखा होता पण वारं नव्हतं. कैलाश सर टेबलामागे, भय्याजी त्यांच्या उजव्या हाताला, आणि दाराजवळच्या खुर्चीच्या टोकावर चंदनचे वडील इतवारी, टोपी गुडघ्यावर. "वर्गात हे विषय आणलेच काहून तुम्ही?" सरांनी सुरुवात केली. साधनाने यावर उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं मुद्देसूद उत्तर, आणि त्यातला एकही शब्द तिला आठवेना. तिला तिसरी वाट सुचली होती फाटकापासून ऑफिसापर्यंत येताना. म्हणायचं, वर्गात मुलं जे बोलतात ते वर्गातलं असतं, ते मी बाहेर सांगणार नाही. किती छान वाक्य. तेवढ्यात शिपाई डिंपलला घेऊन आला, आणि ते छान वाक्य कुचकामी झालं. या मुलीसमोर गप्प बसणं म्हणजे, उत्तर तू दे, असं म्हणणं होतं.

"बेटा," कैलाश सर म्हणाले, "भिऊ नको. तू जे बोलली, ते आपल्या मनानं, का मॅडमनं सांगितलं म्हणून?"

 डिंपलने बापाकडे पाहिलं नाही, इतवारीकडे पाहिलं नाही. तिने साधनाकडे पाहिलं. दोन दिवसांत तिचा चेहरा लहान झाला होता, ओठ सुकले होते. साधनाला आतून कळत होतं की आपण आता शनिवारचेच ते तीन शब्द पुन्हा म्हटले, तर ही मुलगी बोलेल. इथेही बोलेल. इतकी तिची आपल्यावर श्रद्धा आहे. आणि संध्याकाळच्या बसमध्ये तिची पेटी असेल. काकूचा चेहरा तिला आठवेना, नुसता लुगड्याचा रंग आठवला. ती नजर काय मागत होती? वाचवा, असं मागत होती, असं साधनाने ठरवलं. नजरेला ओठ नसतात, त्यामुळे ठरवणं सोपं गेलं.

"मीच सांगितलं होतं तिला," साधना म्हणाली. "वाक्य माझं होतं. नाटकात असं म्हण, म्हणून."

खोलीत कोणीतरी मोठा श्वास सोडला. ते भय्याजी होते. "मी म्हटलंच होतं सर," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज भरून आला, खरोखरच भरून आला. कैलाश सरांनी मान हलवली, वर कळवावं लागेल, समज द्यावी लागेल, असं काहीतरी पुटपुटले. इतवारी उठला. तो भांडेल, ओरडेल, निदान आपल्याकडे रोखून पाहील, अशी साधना वाट पाहत होती. तिला ते हवंच होतं. त्याने टोपी घातली, सगळ्यांना मिळून एकच नमस्कार केला, "येतो जी" म्हणाला आणि गेला. डिंपलची नजर केव्हाच खाली गेली होती. "जा बेटा, वर्गात जा," सर म्हणाले, आणि ती गेली. वर्गात. शाळेतल्या वर्गात, सिहोऱ्याच्या बसमध्ये नाही. साधनाने हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. मी तिला वाचवलं. हे खोटं नव्हतं. मग छातीवरचा दगड उतरत का नाही, हे जिना चढतानाही तिला समजेना.

दहावीचा तास तिचाच होता. ती आत शिरली तसा वर्ग एकदम उभा राहिला, रोजच्यापेक्षा नीट, रोजच्यापेक्षा शांत. बातमी तिच्या आधी वर पोचली होती हे उघड होतं. शनिवारी ही सगळी मुलं या खोलीत होती. वाक्य कोणी दिलं आणि कोणी दिलं नाही, हे या एका खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि त्यांना ते ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. रिकामा बाक अजून रिकामाच होता. डिंपल आपल्या जागेवर होती; कोणीतरी तिच्यापुढे डबा उघडून ठेवला होता आणि ती खात होती, हे पाहून साधनाला इतकं हायसं वाटलं की रडूच येईल असं झालं. चालू घडामोडींचा तास टाळता येणार नव्हता, टाळला तर फारच दिसलं असतं. म्हणून तिने शोधून शोधून असा विषय काढला की ज्यात कोणाचं काही जाणार नाही. "गावात वाचनालय असावं का?" तिने विचारलं. "कोण बोलतं?"

कोणीच हात वर केला नाही.  तिने हसून पाहिलं, चंदनकडे पाहिलं, त्याने डोळे बाकावर ठेवले. "अरे, बोला ना, सोपं तर आहे." मग डिंपलने डबा बंद केला, हात पुसले आणि उभी राहिली. साधनाच्या अंगात एकदम जीव आला.

"शाब्बास. बोल डिंपल."

"काय बोलू, मॅडम?"

"तुला जे वाटतं ते."

 डिंपलच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता, राग नव्हता. गृहपाठ नीट समजून घ्यायचा असतो तेव्हा ती अशीच बघायची. "नाही मॅडम," ती म्हणाली, "तुम्हीच सांगून द्या काय बोलाचं ते. मी तसंच बोलते." आणि ती उभीच राहिली, वाट पाहत. मागच्या बाकावर चंदनने वही उघडली, वर तारीख घातली, आणि मॅडम सांगतील ते वाक्य उतरून घ्यायला पेन हातात धरून बसला.